क्षयरोग्याचे रक्त काय सांगते?



वसंतातील व्याख्यानमालेत श्रोत्यांना काव्य हवे असते, इतिहास हवा असतो, निदान एखादा खमंग वाद तरी हवा असतो. त्याऐवजी आज आपल्यापुढे एक वैद्यक व्यवसायातील माणूस उभा आहे आणि तो रक्त व थुंकी या दोन गोष्टींविषयी बोलणार आहे. मी विषय कळविला तेव्हा आपल्या चिटणिसांनी जरा चाचरतच विचारले, "डॉक्टर, थुंकीचा उल्लेख टाळता येणार नाही का?" मी म्हटले, "सगळेच तो टाळतात, म्हणून तर हे व्याख्यान द्यायचे आहे."

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. आपण त्यांना गुरुजी म्हणू. हातात जाडजूड फाईल. तिच्यात रक्ततपासणीचे तेरा कागद, तारीखवार लावलेले, महत्त्वाच्या आकड्यांखाली लाल रेघ मारलेली. चार महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजन नऊ किलोंनी उतरलेले. फाईल चाळून मी विचारले, "गुरुजी, थुंकीचा कागद दिसत नाही." ते म्हणाले, "थुंकी कशाला? रक्तच तपासलंय ना सगळं!"

या एका वाक्यात आपल्या समाजाची एक समजूत साठविलेली आहे. रक्त म्हणजे शरीराचे सार. त्यात सगळे उतरलेच पाहिजे. आणि ज्याला पैसे जास्त पडतात ती तपासणी अधिक खरी. उलट थुंकी म्हणजे घाण. ती डबीत घालून कोणापुढे धरायची म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. फुप्फुसाच्या क्षयाच्या बाबतीत ही समजूत माणसाचे महिनेच्या महिने वाया घालविते, आणि त्या महिन्यांत घरातल्या इतरांच्या छातीत रोग उतरू शकतो. म्हणून आज आपण गुरुजींची ती फाईल कागदाकागदाने उलगडू या. तिच्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही त्या तेरा कागदांत मिळून क्षयरोगाचे नाव कोठेही नव्हते. असे का, ते पाहावयाचे आहे.

पहिली लाल रेघ होती इ.एस.आर. या आकड्याखाली. तो होता ९८. ही तपासणी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटचे पाणी मिसळतात, ते एका बारीक काचेच्या नळीत भरून नळी उभी ठेवतात, आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. गढूळ पाणी कळशीत ठेवले म्हणजे गाळ खाली बसतो, तसाच हा प्रकार. निरोगी तरुण माणसात हा आकडा साधारण पंधरा-वीसच्या आत राहतो, वयाबरोबर थोडा वाढतो. पोलंडमधील बीएर्नाट्स्की याने १८९७ साली, आणि पुढे १९१८ साली स्वीडनमधील फोरेउस याने या घटनेकडे वैद्यांचे लक्ष वेधले. फोरेउसने ती पाहिली गरोदर स्त्रियांच्या रक्तात. त्यानंतर १९२१ साली वेस्टरग्रेन या दुसऱ्या स्वीडिश डॉक्टराने या तपासणीवर जो निबंध लिहिला तो मात्र नेमका फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांवर होता. आजही या पद्धतीला त्याचेच नाव आहे. तेव्हा क्षय आणि इ.एस.आर. यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे.

पण हा गाळ लवकर का बसतो? शरीरात कोठेही दाह पेटला की यकृत फायब्रिनोजेनसारखी काही प्रथिने जास्त बनवू लागते. ती रक्तात वाढली म्हणजे एरवी एकमेकींपासून दूर राहणाऱ्या तांबड्या पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात. चळत जड, म्हणून ती भरभर खाली बसते. लक्षात घ्या, यात क्षयजंतूचा प्रत्यक्ष संबंध कोठेच आला नाही. संबंध आहे तो दाहाशी. आमवात असो, मूत्रपिंडाचा विकार असो, कर्करोग असो, एखादे मोठे गळू असो, चळत तशीच लागते. इतकेच काय, गरोदरपणात आणि नुसत्या रक्ताल्पतेतही आकडा वर चढतो. घरात धूर दिसला म्हणजे काही तरी जळते आहे एवढे कळते. भात लागला की गोठा पेटला, ते धुरावरून कळत नाही.

दुसरी रेघ हिमोग्लोबिनखाली होती: ९.४. पुरुषाला ते तेरा तरी असावे. घरच्यांनी गुरुजींना लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सर्व काही सुरू केले होते. हिमोग्लोबिन हलत नव्हते. याचे कारण मोठे मनोवेधक आहे. क्षयजंतूला जगावयास आणि वाढावयास लोह लागते. शरीराला जणू हे माहीत आहे. दाह सुरू झाला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य सुटते. २००० सालच्या सुमारास त्याचा शोध लागला. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि पेशींच्या कोठारातले लोह बाहेर पडू देत नाही. शत्रू गावात शिरला म्हणून कोठाराला कुलूप घालावे तसा हा बंदोबस्त. पण त्या कुलपामुळे गावकरीही उपाशी राहतात. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी घडविण्यासाठी लोह मिळत नाही, आणि कोठार भरलेले असूनही माणूस फिकट पडतो. अशा रोग्याला नुसत्या गोळ्या देऊन फारसे साधत नाही. क्षयाचा उपचार सुरू झाला, दाह ओसरला, की बहुतेकांचे हिमोग्लोबिन हळूहळू आपोआप चढू लागते. अर्थात आपल्याकडे पुष्कळांच्या, विशेषतः स्त्रियांच्या अंगात लोह मुळातच कमी असते. तेथे दोन्ही कारणे एकत्र नांदतात आणि डॉक्टरला निवड करावी लागते. पण फिकेपणा दिसला की खोकल्याकडे दुर्लक्ष करून टॉनिकची बाटली आणणे, हा आपल्या घराघरांतला रिवाज धोक्याचा आहे.

तिसऱ्या कागदावर पांढऱ्या पेशी होत्या. एकूण संख्या १०,८००, म्हणजे जवळजवळ नेहमीची. न्यूमोनियात ती जशी एकदम उसळते तशी ती क्षयात सहसा उसळत नाही. फेरफार होतो तो आतल्या वाटणीत. लिम्फोसाइट नावाच्या पेशी कमी झालेल्या, मोनोसाइट थोड्या वाढलेल्या. मोनोसाइट रक्तातून ऊतीत उतरल्या म्हणजे त्याच क्षयजंतूला गिळणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी होतात. अमेरिकेतील फ्लॉरेन्स सेबिन या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात या पेशींचा क्षयाशी असलेला संबंध अभ्यासला होता. गुरुजींच्या प्लेटलेटही वाढलेल्या होत्या, सव्वापाच लाख. डेंगीच्या साथीपासून आपल्याला प्लेटलेट कमी होण्याची धास्ती आहे. त्या वाढल्या म्हणजे कोणी दचकत नाही. दीर्घकाळच्या दाहात त्या वाढतात, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या कागदावर सोडियम १२९ होते; ते १३५ च्या खाली जाऊ नये. घरच्यांनी समज करून घेतला की गुरुजी मीठ कमी खातात, आणि ताटात मीठ वाढू लागले. वस्तुतः फुप्फुसाच्या आजारात मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक गरज नसताना पाझरत राहते. पाणी साठते, आणि मीठ तेवढेच असूनही ते पातळ होते, आमटीत पाणी जास्त झाल्यासारखे. क्वचित प्रसंगी क्षय मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच पोखरतो, आणि मग मीठ शरीरातून खरोखरच वाहून जाते. टॉमस ॲडिसन याने १८५५ साली ज्या विकाराचे वर्णन केले तो हाच. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन गुरुजींचे २.८ होते, म्हणजे कमी. त्यात दाहाचा भाग होता आणि उपासमारीचाही. क्षय भूक मारतो, आणि उपाशी शरीरात क्षय फोफावतो. हे दुष्टचक्र आपल्या देशाला चांगलेच ठाऊक आहे. आमच्या सरकारी कार्यक्रमात क्षयरोग्याला आहारासाठी पैसे दिले जातात. २०१८ साली ते दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. त्यामागचे कारण या अल्ब्युमिनच्या कागदावर वाचता येते.

आता आपण म्हणाल, एवढे सगळे आकडे एकाच दिशेला बोट दाखवीत असताना क्षयाचे निदान करावयाला हरकत कोणती? हरकत अशी की हेच सगळे आकडे फुप्फुसाच्या कर्करोगातही असेच दिसू शकतात. आणि दुसरी हरकत याहून मोठी आहे. ती सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात बावीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. तीन आठवडे खोकला. अंगाने सडसडीत, पण चेहऱ्यावर तेज. मी रक्त तपासले. इ.एस.आर. १४, हिमोग्लोबिन १२. मी तिच्या आईला सांगितले, "काळजी करू नका, रक्त अगदी स्वच्छ आहे." दोन महिन्यांनी ती परत आली ती रुमालाला रक्त लागले म्हणून. थुंकीत जंतू होते. त्या दोन महिन्यांत ती रोज शिवणाच्या वर्गाला जात होती, पंधरा मुलींच्या शेजारी बसत होती. ती बरी झाली. पण तिच्या आईला मी जे वाक्य बोललो ते मला अजून ऐकू येते. क्षयात इ.एस.आर. बहुधा वाढतो. पण 'बहुधा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. वाढलेल्या आकड्याने क्षय सिद्ध होत नाही, आणि चांगल्या आकड्याने तो फेटाळताही येत नाही. मग निदानाच्या दृष्टीने त्याची किंमत किती राहिली, हे आपणच ठरवा.

मग रक्तात थेट जंतूच शोधला तर? नेहमीच्या फुप्फुसाच्या क्षयात जंतू फुप्फुसात असतो, रक्तात तो सहसा सापडत नाही. एच.आय.व्ही. झालेल्या किंवा सर्व अंगभर रोग पसरलेल्या माणसाची गोष्ट निराळी. मग जंतूविरुद्ध शरीराने बनविलेली प्रतिद्रव्ये शोधावी, अशी एक युक्ती निघाली. त्या तपासण्या आपल्या देशात फार बोकाळल्या. वर्षाला सुमारे पंधरा लाख अशा तपासण्या होत असल्याचा अंदाज होता. त्यांचा दोष असा: आपल्यापैकी अनेकांच्या शरीराची क्षयजंतूशी किंवा त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांशी कधी ना कधी गाठ पडलेली असते, म्हणून रोग नसलेल्याचीही तपासणी 'आहे' म्हणे, आणि खऱ्या रोग्यांपैकी कित्येकांत पुरेशी प्रतिद्रव्ये नसत, तेथे ती 'नाही' म्हणे. म्हणजे साक्षीदार दोन्ही बाजूंनी खोटा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या तपासण्या वापरू नका असे स्पष्ट बजावले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या आयातीवर, उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. आज कोणी तुम्हाला 'रक्तातला टी.बी.' प्रतिद्रव्यांवरून शोधून देतो म्हणाला, तर ही बंदी त्याला सांगा.

आणखी एक रक्ततपासणी आहे, इग्रा नावाची. तिच्यात रक्तातल्या पेशींना क्षयजंतूचे तुकडे दाखवितात आणि त्या खवळतात का ते पाहतात. तपासणी चांगली आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. 'या शरीराची जंतूशी भेट झाली आहे काय?' एवढेच ती विचारते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांची अशी भेट झालेली आढळली. म्हणजे या मंडपात दर तीन माणसांत जवळजवळ एक! यांतील बहुतेकांना आयुष्यात क्षय होणार नाही. रोग्याच्या घरातल्या माणसांना प्रतिबंधक औषध द्यावे की काय, हे ठरविण्यास इग्रा उपयोगी पडते. खोकणाऱ्या प्रौढाचे निदान तिच्यावर सोपवू नये.

मग रक्त तपासूच नये काय? तसे माझे म्हणणे मुळीच नाही. निदान एकदा झाले की रक्ताची खरी चाकरी सुरू होते. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची साखर पाहिली पाहिजे, कारण मधुमेह्याला क्षय होण्याचा संभव दोन ते तीन पट असतो, आणि साखर आवरल्याशिवाय क्षय नीट आवरत नाही. एच.आय.व्ही.ची तपासणी केली पाहिजे, कारण तिच्यावर उपचाराची आखणी अवलंबून असते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे काहींच्या यकृताला बाधतात. तेव्हा दारूचे व्यसन असलेल्यांचे, वृद्धांचे, आधीच यकृताचा आजार असलेल्यांचे रक्त तपासत राहावे लागते. भूक मेली, मळमळ सुरू झाली, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मात्र रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ती कावीळ नव्हे. त्या भीतीने औषध टाकू नका. पायराझिनामाइडने रक्तातले युरिक ॲसिड वाढते, सांधे दुखतात. त्याचाही बहुधा बाऊ करण्याचे कारण नसते.

आणि एक इशारा. उपचाराच्या दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन चढते, इ.एस.आर. उतरतो, अंगावर मांस धरते. रोगी म्हणतो, "रक्त सुधारलं, आता गोळ्या कशाला?" रक्त सुधारले म्हणजे दाह ओसरला, छातीत लपलेले जंतू संपले असे नव्हे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे, आणि तो अर्धवट टाकणारा माणूस स्वतःच्या छातीत औषधाला न जुमानणारे जंतू तयार करण्याचा धोका पत्करतो.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्या दिवसापासून क्षयाचे निदान म्हणजे जंतूचा शोध, हे ठरून गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आपल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या; वय अवघे एकवीस. त्या काळी जंतू ओळखता येत होता, पण त्याला मारणारे औषध जगात कोठेही नव्हते. आज औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही २०२३ साली जगात जे एक कोटी आठ लाख लोक क्षयाने आजारी पडले, त्यांतले सुमारे अठ्ठावीस लाख, म्हणजे चारांत एकाहून थोडे अधिक, आपल्या देशातले होते. औषध नाही म्हणून आनंदीबाई गेल्या. डबीत थुंकावयाची लाज वाटते म्हणून आपण जावे काय?

ती तपासणी किती साधी आहे ते सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. तेथे डबी मिळते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून बेडका काढावा. तोंडातली लाळ नको. छातीतला कफ हवा. तो सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहतात. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसल्या की जंतू सापडला. पण थोडे जंतू असले तर सूक्ष्मदर्शकाला ते चुकतात, म्हणून आता जंतूचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रे आली आहेत. त्यांतले ट्रूनॅट हे आपल्याच देशात तयार झालेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. काही तासांत उत्तर मिळते. आणि जंतू रिफॅम्पिसिनला दाद देईल की नाही, हेही कळते. जोडीला छातीचा क्ष-किरण फोटो. रक्ताचे तेरा कागद जे सांगू शकले नाहीत, ते ही एक डबी सांगते.

गुरुजींची डबी मी त्याच दिवशी पाठविली. उत्तर दुसऱ्या दिवशी आले: जंतू आहेत, भरपूर आहेत, औषधाला दाद देणारे आहेत. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात कोण कोण आहे? मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. नात आजोबांच्या कुशीत झोपे. गोष्ट ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे. मुलगा व सून तपासणीत चांगले निघाले. नातीच्या फोटोत डाग होता. तिलाही औषधे सुरू करावी लागली. आजोबा आणि नात, दोघांनीही उपचार पुरा केला आणि दोघेही बरे झाले. मुलीने औषध एकही दिवस चुकविले नाही. तिच्या गोळ्यांचा हिशेब गुरुजी त्याच फाईलमध्ये ठेवीत.

शेवटच्या तपासणीला आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, पहिल्या महिन्यातच थुंकी दाखवली असती, तर पोरीला गोळ्या खाव्या लागल्या नसत्या ना?" खोटे बोलून मी त्यांना धीर देऊ शकलो असतो. मी म्हटले, "बहुधा नसत्या लागल्या." ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हे लोकांना सांगा. माझं नाव घेऊ नका, पण सांगा."

त्यांनी सोपविलेले काम मी आज केले आहे. आपल्या घरात, वाड्यात, चाळीत, कचेरीत दोन आठवड्यांवर खोकणारा कोणी असेल, तर उद्या सकाळी त्याच्या हातात डबी जाईल एवढे पाहा. रक्त मागाहून तपासता येईल.